सात दिवस नाम लोल्वेच्या काठी

ताईचा मुलगा गेली तीन वर्षे पश्चिम केनियातील किसुमू शहरात नोकरीला आहे आणि ‘एकदा येऊन तर जा’ हे त्याचे पालुपदही तितक्याच वर्षांचे आहे. २०२४ च्या जून-जुलैत नैरोबीत मोठी निदर्शने झाली तेव्हा आमचा बेत पुन्हा बारगळणार असे वाटले होते. परंतु किसुमूत सारे सुरळीत असल्याचे त्याने कळवले आणि आम्ही दोघी बहिणी निघालो. आमचे माहेर हर्णैचे. लहानपणापासून बंदरावरचा लिलाव पाहिलेला, घरात थोडी भातशेती, त्यामुळे सिंह-जिराफांपेक्षा तिथले लोक मासे कसे धरतात आणि शेत कसे करतात याचेच आम्हाला अधिक कुतूहल होते. केनियाला जाऊन एकही सिंह न पाहता परतलेल्या बायका म्हणून नातेवाइकांत आमचे आता बरेच नाव झाले आहे.

पहिला दिवस, गुरुवार १ ऑगस्ट : किसुमू

नैरोबीहून तासाभराच्या आत विमान खाली उतरू लागले आणि खिडकीत पाणीच पाणी दिसू लागले. व्हिक्टोरिया सरोवराचा विस्तार सुमारे ६८,८०० चौरस किलोमीटर आहे. त्यातला सहा टक्क्यांच्या आसपास भागच केनियाच्या वाट्याला येतो आणि उरलेले पाणी टांझानिया व युगांडाचे आहे. इथले लुओ लोक त्याला ‘नाम लोल्वे’ म्हणतात. गाव विषुववृत्ताला जवळजवळ चिकटून असले तरी समुद्रसपाटीपासून अकराशे मीटरांहून उंच असल्याने ऊन लागते, पण मुंबईसारखा घामाचा चिकचिकाट नसतो. दिवस-रात्र बारमाही सारखीच. पावणेसातला सूर्य जो बुडतो तो संधिप्रकाश वगैरे न रेंगाळता एकदम बुडतो.

मोम्बासाहून निघालेला लोहमार्ग १९०१ मध्ये इथे येऊन थांबला आणि त्यातून हे शहर वाढले. तो बांधायला हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून, हजारो मजूर नेले होते. दुकानाला ‘दुका’, चहाला ‘चाय’ आणि चपातीला ‘चपाती’ हे शब्द रस्तोरस्ती ऐकू येतात, तेव्हा तो इतिहास आपोआप आठवतो. रस्त्यावर माणसे वाहून नेणाऱ्या दुचाकींना बोडा-बोडा म्हणतात आणि त्यांत आपल्या बजाजची बॉक्सर इतकी दिसते की ताईला पहिल्या तासातच घरच्यासारखे वाटू लागले.

संध्याकाळी सरोवराकाठच्या एका खानावळीत अख्खा तळलेला तिलापिया, मक्याच्या पिठाची घट्ट उगाली आणि परतलेली सुकुमा विकी ही पालेभाजी जेवलो. जेवणाआधी मुलगी तांब्या आणि पातेले घेऊन टेबलापाशी आली व कोमट पाण्याने आमचे हात धुऊन दिले. उगालीचा गोळा बोटांनी वळून, अंगठ्याने त्यात खळगा करून त्याने मासा उचलायचा असतो. भाकरी खाणाऱ्यांना हे शिकवावे लागत नाही. भाच्याने नंतर सांगितले की शहरातील पुष्कळ खानावळींत मिळणारा तिलापिया हा चीनहून गोठवून आलेला असतो, कारण तो स्वस्त पडतो. एवढ्या पाण्याच्या काठावर बसून परदेशी मासा खायचा, हे मला अजूनही नीट पचलेले नाही.

जाणाऱ्यांसाठी काही गोष्टी इथेच सांगते. पीतज्वराची लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी आणि तिचे प्रमाणपत्र जपावे, कारण परत येताना आपल्याकडच्या विमानतळावर ते मागतात. हिवतापाच्या प्रतिबंधक गोळ्यांबाबत डॉक्टरांना विचारावे आणि मच्छरदाणीखालीच झोपावे. प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर २०१७ पासून कडक बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू डब्यांत न्यावेत.

दुसरा दिवस, शुक्रवार २ ऑगस्ट : डुंगा

शहराच्या दक्षिणेला डुंगा हा मासेमारांचा किनारा आहे. सकाळी सातला पोहोचलो तेव्हा रात्री गेलेल्या होड्या परतत होत्या. लाकडी, लांबट, रंगवलेल्या होड्या. प्रत्येकीच्या नाळेवर बायबलातील वचन किंवा फुटबॉल संघाचे नाव. होडी वाळूला लागण्याआधीच कमरेइतक्या पाण्यात बायका जाऊन उभ्या राहतात आणि मासळी किनाऱ्याला लागते ती त्यांच्या टोपल्यांतून. पाण्यावर पुरुषांचे राज्य आणि वाळूवर बायकांचे, ही वाटणी हर्णैसारखीच आहे.

इथल्या पाण्याची मोठी कथा म्हणजे नाइल पर्च, लुओंचा ‘म्बुटा’. हा अजस्र मासा मूळचा इथला नव्हे. तो १९५० च्या दशकात सोडण्यात आला. काही काळ विशेष काही घडले नाही आणि १९८० च्या दशकात त्याची संख्या एकदम वाढली. त्याने सरोवरातील लहान माशांच्या शेकडो स्थानिक जाती जवळजवळ संपवल्या. मूळचा ‘न्गेगे’ हा तिलापियाही आज मुख्य सरोवरात दुर्मीळ आहे. त्याची जागा बाहेरून आणलेल्या नाइल तिलापियाने घेतली. दुसरीकडे म्बुटाच्या निर्यातीने कारखाने उभे राहिले. मांसाच्या वड्या परदेशी जातात, आणि मागे उरलेला डोके-शेपटी-काट्यांचा सांगाडा तळून स्थानिक बाजारात विकला जातो. त्याला ‘म्गोंगो वाझी’, म्हणजे ‘उघडी पाठ’, म्हणतात. आम्ही तो खाल्ला. काट्यांना चिकटलेले मांस चोखून खाण्यात अर्धा तास सहज जातो. माशाच्या पोटातील बोताला, म्हणजे हवेच्या पिशवीला, चिनी बाजारात मोठी किंमत येते, त्यामुळे घोळीचा बोत पाहून आपल्याकडे डोळे चमकतात तसे इथेही चमकतात. मासे साफ करण्याच्या ओट्यापाशी टक्कल पडलेले, माणसाच्या छातीइतके उंच मराबू करकोचे हेडमास्तरांसारखे हात मागे बांधल्याच्या आविर्भावात उभे होते.

नंतर पपायरस या उंच पाणगवताच्या दलदलीत होडीतून हिंडायचा बेत होता. होडी ठरली, आम्ही केशरी जाकिटे चढवली आणि तेवढ्यात वारा फिरला. अर्ध्या तासात जलपर्णीचा हिरवा गालिचा तरंगत आला आणि त्याने सगळा धक्का बंद केला. ही वनस्पती १९९० च्या सुमारास या सरोवरात आली. तिला खाणारे भुंगेरे सोडून तिचा जोर कमी केला गेला, तरी वाऱ्याबरोबर ती आजही येते-जाते. आमचा नावाडी वल्ह्याने ती ढकलत वीस हात गेला, मग वल्हे आडवे ठेवून त्याने शेंगदाणे काढले आणि आम्हालाही दिले. दोन तास आम्ही तिथेच बसलो. किनाऱ्यावरचे लोक घड्याळापेक्षा वाऱ्याकडे का पाहतात, हे त्यात समजले.

होडीने हिंडायचे असल्यास सकाळीच हिंडावे. दुपारनंतर वारा आणि वादळी पाऊस दोन्ही येतात. पाणी कितीही शांत दिसले तरी काठालगत उतरू नये, कारण तिथल्या गोगलगायींमधून बिल्हार्झिया हा रोग होतो. पाणघोडेही आहेतच.

तिसरा दिवस, शनिवार ३ ऑगस्ट : अहेरो

किसुमूहून पूर्वेला कानोचे सपाट मैदान लागते. न्यांडो नदीचे पाणी उपसून इथे भातशेती होते. गाडीतून उतरताच चिखलाचा जो वास आला, त्याने आम्ही दोघी क्षणभर बोललोच नाही. एका खाचरात लावणी चालू होती आणि शेजारच्याच खाचरात लोंब्या पिवळ्या पडत होत्या. पावसाच्या नव्हे तर पंपाच्या वेळापत्रकावर शेती असल्याचा हा परिणाम. लावणी करणाऱ्या बायका ओळीने, वाकून, मागे मागे सरकत होत्या. ताईने चपला काढल्या, साडी खोचली आणि विचारण्याच्या भानगडीत न पडता त्यांच्या ओळीत उतरली. तिने लावलेली रोपे पाहून मुकादम बाईने एकच शब्द उच्चारला, ‘बेर’, म्हणजे छान. मग मात्र तिने अंतर थोडे जास्त ठेवायला सांगितले.

इथला मोठा शत्रू क्वेलिआ नावाची चिमणीएवढी पाखरे आहेत. ती थव्याने उतरतात. पिकत्या खाचराच्या बांधावर पोरे डबे वाजवत, चिखलाचे गोळे भिरकावत उभी होती. दुसरा शत्रू पूर. हे मैदान इतके सपाट आहे की नदी फुगली की पाणी घरात येते. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने आम्हाला सावलीत बसवून हिशेब सांगितला: भात विकायचा, मका खायचा, गाई अडीअडचणीला, आणि यांतले काहीच नसेल तेव्हा धाकटा मुलगा सरोवरावर. मुलगा मासेमार आहे का, असे विचारल्यावर त्याला हसू आले. इथे कोण नाही, असे तो म्हणाला.

चौथा दिवस, रविवार ४ ऑगस्ट : किबुये ते म्बिता

रविवारी किबुयेचा उघड्यावरचा बाजार भरतो. जुन्या कपड्यांच्या डोंगरांमधून वाट काढत आम्ही पालेभाज्यांच्या रांगेत शिरलो आणि ताईचा जीव भांड्यात पडला. कारण असे की दुसऱ्या दिवशी श्रावण लागत होता आणि ती श्रावण कटाक्षाने पाळते. माठ आणि चवळीचा पाला ओळखीचा निघाला. ‘ओसुगा’ ही आपली कामोणी, आणि ‘अपोथ’ ही बुळबुळीत भाजी म्हणजे चुंच. कडू पाल्याचा कडूपणा जावा म्हणून इथे त्यात दूध घालून मंद शिजवतात. शाकाहारी मंडळींनी हे शब्द पाठ करावेत, त्यांच्यासोबत मका आणि घेवड्याचे दाणे एकत्र उकडलेले ‘न्योयो’ही, उपाशी राहण्याची वेळ येणार नाही. पैसे सगळीकडे फोनवरील एम-पेसाने देता येतात. ही सोय २००७ पासून आहे, आणि भाजीवालीकडेही तिचा क्रमांक पुठ्ठ्यावर लिहिलेला असतो. पारपत्र दाखवून स्थानिक सिम घ्यावे.

बोंडोच्या रस्त्यावर किट मिकायी ही एकावर एक रचल्यासारख्या प्रचंड शिळांची जागा आहे. नावाचा अर्थ ‘पहिल्या बायकोचा दगड’. एक माणूस रोज या दगडांपाशीच जाऊन बसे, म्हणून त्याची बायको विचारणाऱ्यांना ‘गेला असेल आपल्या पहिल्या बायकोकडे’ असे सांगत असे, अशी कथा आहे. बायकोचे म्हणणे मला पूर्णपणे पटले.

लुआंडा कोटिएनोहून तरीने, म्हणजे फेरीबोटीने, पाऊण तासात म्बिताला पोहोचलो. तरीवर गाड्या, शेळ्या, गाद्या, कोंबड्या आणि गणवेशातील चर्चचे गायकवृंद अशी सरमिसळ होती. म्बिताच्या किनाऱ्यावर आम्ही एका विधवा बाईंच्या घरी दोन खोल्या घेतल्या होत्या. सारे त्यांना ‘मामा’ म्हणत, आम्हीही म्हणू लागलो. लुओंमध्ये मुलाचे नाव जन्मवेळेवरून ठेवतात: रात्री जन्मला तर ओतिएनो, सकाळी जन्मलेली ती अकिन्यी, पावसात जन्मलेली ती अकोथ. मामांनी आम्हाला जन्मवेळा विचारल्या. ताई पहाटेची, मी मुसळधार पावसातली. पुढचे तीन दिवस त्यांनी आमची खरी नावे वापरली नाहीत.

त्या दिवशी आषाढी अमावस्या होती. घरी असतो तर समया-निरांजने घासून, पाटावर मांडून दीपपूजा केली असती. सात वाजता मामांनी आम्हाला अंगणाच्या कडेला बोलावले. काळ्या पाण्यावर एक दिवा लागला, मग दुसरा, मग मोजणे सोडून द्यावे लागले. क्षितिजावर गाव वसावे तशी दिव्यांची रांग उभी राहिली. ही ओमेनाची मासेमारी. ओमेना म्हणजे बोटाएवढी चंदेरी मासळी. तराफ्यावर दिवा ठेवून तो पाण्यावर सोडायचा, उजेडाला किडे जमतात, किड्यांमागे मासळी जमते, आणि मग बारीक आसाचे जाळे भोवती ओढून ती उचलायची. पूर्वी रॉकेलच्या गॅसबत्त्या असत, आता बऱ्याच ठिकाणी सौर बॅटरीचे दिवे आहेत. चांदणे असले की दिव्याची किंमत राहत नाही, म्हणून पौर्णिमेच्या आसपास होड्या वाळूवर पडून असतात. शिवाय एप्रिल ते जुलै ओमेनावर सरकारी बंदी असते. ती नेमकी ३१ जुलैला संपते, आणि आपल्याकडची पावसाळी बंदीही त्याच दिवशी! बंदीनंतरच्या पहिल्याच अमावस्येला आम्ही तिथे होतो, हे आमचे नियोजन नव्हते, नशीब होते. ताईने पर्समधून वातीची डबी काढली, मामांच्या वाटीत तेल मागितले आणि उंबऱ्यावर एक दिवा लावला. मामांनी तो कोणासाठी असे विचारले, तेव्हा ‘दिव्यांसाठीच’ याहून बरे उत्तर आम्हाला सुचले नाही.

पाचवा दिवस, सोमवार ५ ऑगस्ट : वाळवण

सकाळी किनाऱ्यावर जुनी जाळी अंथरून त्यांवर ओमेना पसरला होता. दुरून पाहिले तर वाळूवर चांदी सांडल्यासारखे दिसे. कडकडीत ऊन मिळाले तर तो एका दिवसात वाळतो. शेजारच्याच जाळ्यावर मामांचा नुकताच काढलेला मका वाळत होता. मार्चच्या पावसावर पेरलेला मका आणि ऑगस्टचा ओमेना एकाच अंगणात, एकाच उन्हाची वाट पाहत. बंदीच्या चार महिन्यांत शेताने घर चालवले, आता सरोवर चालवील, असे मामा म्हणाल्या.

तीनच्या सुमारास रुसिंगाच्या टेकडीमागून काळा ढग वर आला. कोणीतरी ओरडले आणि क्षणात साऱ्या किनाऱ्याची पळापळ सुरू झाली. जाळ्याचे चारही कोपरे धरून आत गुंडाळायचे, वर ताडपत्री टाकायची. माझ्या हातातला कोपरा निसटला आणि अर्धी टोपलीभर मासळी वाळूत गेली. कोणी रागावले नाही. एका मुलीने फक्त माझ्या हातातून कोपरा काढून घेतला आणि मला मक्याकडे पाठवले. पाऊस वीस मिनिटेच पडला, पण शेजारणीची दोन जाळी भिजली. भिजलेला ओमेना काळवंडतो आणि मग तो माणसांसाठी नव्हे, कोंबड्यांच्या खाद्यासाठी, पडेल त्या भावाने जातो. शेजारीण भिजलेल्या ढिगापाशी बराच वेळ बसून होती.

वाळलेला माल ‘गोरोगोरो’ने मोजतात. हा दोन किलोंचा पत्र्याचा डबा. मका, घेवडा, ओमेना, सगळे यातच. मापण्याची तऱ्हा बघण्यासारखी होती. मामा डबा भरत, मग डाव्या तळव्याची भिंत डब्याच्या काठाला लावून उजव्या हाताने वर शीग चढवत. शीग घसरू लागली की बोटे किंचित आवळत, आणि गिऱ्हाइकाच्या पिशवीत डबा उलटा झाल्यावर, न मागता, वर एक मूठ. हर्णैची कोळीण ती मूठ मागितल्याशिवाय देत नाही.

संध्याकाळी त्यांनी एक कडवट गोष्टही सांगितली. मासळी कमी झाली की होडीवाल्याकडून माल मिळवण्यासाठी बाईला पैशांखेरीज शरीरही द्यावे लागते, या चालीला ‘जाबोया’ म्हणतात, आणि एचआयव्हीने या किनाऱ्यावरची कितीतरी घरे रिकामी होण्यात तिचा हात आहे. काही ठिकाणी बायकांनी गट करून स्वतःच्या होड्या घेतल्या, त्या यासाठीच. मामांच्या गटाचीही एका होडीत भागी आहे. तिच्यावर पुरुषच जातात, पण पगारी.

सहावा दिवस, मंगळवार ६ ऑगस्ट : रुसिंगा

म्बिताहून पूल ओलांडला की रुसिंगा बेट. जुलै १९६९ मध्ये नैरोबीत हत्या झालेले मंत्री टॉम म्बोया यांची समाधी इथे आहे, आणि मेरी लीकी यांना १९४८ मध्ये प्रोकॉन्सुल या प्राचीन कपीची कवटी सापडली तीही याच बेटावर. आम्ही दोन्ही ठिकाणांना धावती भेट दिली आणि उरलेला दिवस एका शेतकरीणबाईंच्या एकराहून लहान शेतात घालवला.

इथल्या मक्याला दोन पीडा आहेत: खोडकिडा आणि ‘कायोंगो’. जांभळी फुले दाखवून त्यांनी कायोंगो म्हटले तेव्हा मी ‘टारफुला!’ असे ओरडलेच; आपल्या ज्वारीच्या मुळांवर जगणाऱ्या तणाचाच हा भाऊबंद. त्यावरचा उपाय १९७० मध्ये थॉमस ओधियाम्बो यांनी स्थापलेल्या ‘इसिपे’ या कीटक-संशोधन संस्थेच्या म्बिता केंद्रातून पसरला. मक्याच्या ओळींत डेस्मोडियम हे वेलासारखे पसरणारे शेंगवर्गीय रोप लावायचे आणि शेताभोवती हत्ती गवताची कड घालायची. डेस्मोडियमचा वास खोडकिड्याच्या पतंगांना हुसकावतो, हत्ती गवत त्यांना बाहेर ओढते. शिवाय डेस्मोडियमच्या मुळांतील द्रव्यामुळे कायोंगोचे बी रुजते खरे, पण मक्याचे मूळ न सापडून मरते. दोन्ही वनस्पती गाईला घालता येतात, जमिनीला नत्र मिळते ते वेगळे. बाईंनी बांधापलीकडचा शेजाऱ्याचा मका दाखवला. तो गुडघ्याएवढाच होता आणि जांभळ्या फुलांनी भरला होता. ‘फुले छान आहेत,’ एवढेच त्या म्हणाल्या.

सातवा दिवस, बुधवार ७ ऑगस्ट : म्फांगानो

म्फांगानो बेटावर लाकडी होडीने गेलो. तिथले सुबा लोक मूळचे बांटू भाषा बोलणारे. आता तरुण पिढी लुओच बोलते आणि जुनी भाषा म्हाताऱ्यांपुरती उरली आहे. मावांगाच्या कपारीत लाल-पांढऱ्या रंगातील एकात एक वर्तुळे आहेत. ती त्वा या शिकारी लोकांनी काढली असे मानतात आणि पावसाशी त्यांचा संबंध जोडतात. वाटाड्या बरोबर घ्यावा. चढ अंगावर येतो, आणि त्या जागेचा मान कसा राखायचा हेही तोच सांगतो. परतीला वारा उठला. पोत्यांवर बसलेल्या बायका गाणे म्हणू लागल्या आणि ताई रामरक्षा.

निघण्याच्या आदल्या रात्री मी मामांच्या चुलीवर ओमेनाचे सुकट केले: मासळी भाजून, वर कांदा, टोमॅटो, मिरची आणि आम्ही नेलेले कोकम. श्रावणामुळे ताई चार हातांवरून सूचना देत होती. मामांनी चाखले, कोकम बोटाने बाजूला काढून पुन्हा चाखले, आणि उगालीचे पातेले जवळ ओढले. नंतर आम्ही अंगणात बसलो. पश्चिमेला श्रावणातली बारीक कोर दिसत होती. ताईने हात जोडले. मामा बोटांवर मोजत होत्या. अजून किती रात्री होड्या जातील, याचा तो हिशेब होता. मधल्या बोटापाशी थांबून त्यांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला घेतले.